भारतातील रेल्वेप्रवास, मद्यपान आणि प्रवासी सुरक्षा

भारतीय रेल्वेच्या गाड्यांत, स्थानकांत आणि रेल्वेच्या हद्दीत मद्याच्या अमलाखाली असणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४५ नुसार दंडनीय अपराध आहे. या विषयाला दोन बाजू आहेत. मद्यधुंद व्यक्तीपासून सहप्रवाशांना, विशेषतः स्त्रिया, बालके व वृद्ध यांना होणारा उपद्रव ही पहिली बाजू होय. मद्यधुंद व्यक्तीच्या स्वतःच्या जिवाला गाडीच्या दारात, फलाटाच्या कडेला व रुळांवर असणारा धोका ही दुसरी. कायद्याचा भर मुख्यतः पहिल्या बाजूवर आहे. अशा व्यक्तीला गाडीतून उतरवल्यानंतर तिचे काय करावे, याविषयी अधिनियमात स्पष्ट मार्गदर्शन नाही.

पार्श्वभूमी

भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर धावली. ब्रिटिश अमदानीतील भारतीय रेल्वे अधिनियम, १८९० मध्ये नशेत असणाऱ्या किंवा उपद्रव करणाऱ्या प्रवाशाला दंड करण्याची व रेल्वेच्या हद्दीबाहेर काढण्याची तरतूद कलम १२० मध्ये होती. कामावर असताना नशेत आढळणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यासाठी कलम १०० हे स्वतंत्र कलम होते. प्रवाशाची नशा आणि कर्मचाऱ्याची नशा हे दोन निराळे अपराध मानण्याची ही पद्धत पुढेही कायम राहिली. १८९० च्या अधिनियमाची जागा रेल्वे अधिनियम, १९८९ ने घेतली. तो १ जुलै १९९० पासून अमलात आला.

कायदेशीर तरतुदी

कलम १४५

रेल्वेच्या डब्यात किंवा रेल्वेच्या कोणत्याही भागात जी व्यक्ती नशेच्या अवस्थेत असेल, उपद्रव किंवा असभ्य कृत्य करील, शिवीगाळ वा अश्लील भाषा वापरील, किंवा प्रवाशांसाठी असलेल्या सोयींत हेतुपुरस्सर ढवळाढवळ करून त्यांच्या सुखकर प्रवासात अडथळा आणील, तिला कोणताही रेल्वे कर्मचारी रेल्वेतून बाहेर काढू शकतो. तिचे तिकीट अथवा पास जप्त होतो. याशिवाय सहा महिन्यांपर्यंत कारावास व ५०० रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा मूळ अधिनियमात सांगितली आहे. न्यायालयाने विशेष कारणे नोंदवली नाहीत, तर पहिल्या अपराधासाठी किमान १०० रुपये दंड आणि पुढील अपराधांसाठी किमान एक महिना कारावास व २५० रुपये दंड होतो.

या कलमात ‘नशेची अवस्था’ या शब्दांची व्याख्या दिलेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ मध्ये वाहनचालकासाठी रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम मद्यार्क अशी स्पष्ट मर्यादा आहे. रेल्वे प्रवाशासाठी अशी मर्यादा नाही. त्यामुळे प्रत्यक्ष वर्तन, साक्षीदारांचे जबाब आणि वैद्यकीय तपासणी यांवर प्रकरणाचा निर्णय अवलंबून राहतो. कलमाच्या शब्दांनुसार नशेची अवस्था हाच अपराध असल्यामुळे भांडण किंवा मारहाण होईपर्यंत कर्मचाऱ्यांनी थांबण्याची आवश्यकता नाही.

इतर संबंधित तरतुदी

सबळ कारणाशिवाय धोक्याची साखळी ओढणे (कलम १४१), रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश करणे (कलम १४७), टपावर किंवा पायरीवर उभे राहून प्रवास करणे (कलम १५६) आणि स्त्रियांसाठी राखीव डब्यात पुरुषाने शिरणे (कलम १६२) हे अपराध नशेतील वर्तनाशी वारंवार निगडित असतात. मारहाण, विनयभंग, धमकी यांसारख्या गंभीर कृत्यांना १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू होते. स्वेच्छेने मद्यपान केलेल्या व्यक्तीला ‘शुद्ध नव्हती’ ही सबब पुढे करून जबाबदारी टाळता येत नाही. नशा तिच्या इच्छेविरुद्ध किंवा नकळत चढवली गेली असेल, तरच निराळा विचार होतो. सार्वजनिक ठिकाणी नशेत उपद्रव करण्याबद्दल संहितेच्या कलम ३५५ मध्ये २४ तासांपर्यंत साधा कारावास, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा अशा शिक्षा आहेत.

राज्यांचे मद्यविषयक कायदे

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार रेल्वे हा संघसूचीतील, तर मादक पेये हा राज्यसूचीतील विषय आहे. लोहमार्ग पोलीसही राज्यांच्याच अखत्यारीत येतात. त्यामुळे एकच गाडी एका रात्रीत परस्परांहून भिन्न मद्यविषयक कायदे असलेल्या प्रदेशांतून जाते. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी गाडी घोलवड सोडून उंबरगावकडे गेली की गुजरात राज्याच्या दारूबंदीच्या हद्दीत शिरते. त्याच मार्गावरील वापी स्थानकापासून जवळच असलेल्या दमणमध्ये मात्र दारूबंदी नाही. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी असून, राज्याबाहेर मद्यपान करून राज्यात नशेत आढळणे हाही तेथे अपराध ठरतो. महाराष्ट्रात वर्धा व गडचिरोली हे दारूबंदी असलेले जिल्हे आहेत. हावड्याकडे जाणारी गाडी धामणगावहून पुलगाव, वर्धा, सेवाग्राम, सिंदी या स्थानकांवरून नागपूर जिल्ह्यात पोहोचते तेव्हा ती संपूर्ण वर्धा जिल्हा ओलांडते.

रेल्वे अधिनियमात प्रवाशाने मद्याची बंद बाटली जवळ बाळगण्याचा नावानिशी उल्लेख नाही. अशी बाटली नेता येते की नाही, किती नेता येते आणि त्यासाठी परवाना लागतो की नाही, हे गाडी ज्या राज्यातून जात असेल तेथील कायद्यावरून ठरते. गोव्याहून कोकण रेल्वेने परतणाऱ्या प्रवाशांच्या सामानाची तपासणी याच कारणाने होते. बाटली बाळगण्याची परवानगी म्हणजे डब्यात बसून पिण्याची परवानगी नव्हे. पॅलेस ऑन व्हील्स, महाराजास एक्सप्रेस, डेक्कन ओडिसी यांसारख्या पर्यटकांसाठीच्या आलिशान गाड्यांत मद्यकक्ष असतो, पण सर्वसाधारण प्रवासी गाड्यांत भारतीय रेल्वेतर्फे मद्य पुरवले जात नाही.

सहप्रवाशांची सुरक्षा

रेल्वेचा डबा ही बंदिस्त जागा आहे. रस्त्यावर किंवा बाजारात नशेतील माणसाला टाळून पुढे जाता येते, पण धावत्या गाडीत पुढील स्थानक येईपर्यंत त्याच्यासमवेतच राहावे लागते. शयनयान डब्यांत रात्रीच्या वेळी प्रवासी झोपलेले असतात, दिवे मालवलेले असतात आणि समोरासमोरच्या बाकांतील अंतर जेमतेम असते. त्यामुळे अशा प्रसंगी दूर जाण्यास वाव नसतो. अनारक्षित डब्यांत तर तिकीट तपासनीसही क्वचितच असतो.

शिवीगाळ, जागेवरून भांडण, दारात अडवणूक, उलटी किंवा लघवी करून डबा घाण करणे, स्त्रियांशी लगट करणे आणि प्रतिकार झाल्यास मारहाण करणे हे उपद्रवाचे सर्वसामान्य प्रकार होत. मद्यपानासोबत धूम्रपान चालू असल्यास आगीचाही संभव वाढतो. डब्यात धूम्रपान करणे कलम १६७ नुसार स्वतंत्र अपराध आहे.

काही घटनांमुळे या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. ऑगस्ट २००२ मध्ये मुंबईच्या पश्चिम मार्गावरील लोकलमध्ये रात्रीच्या वेळी एका मद्यधुंद इसमाने अल्पवयीन मुलीवर अत्याचार केला. डब्यात इतर प्रवासी उपस्थित असूनही हा प्रकार थांबवला गेला नाही, याची मोठी चर्चा झाली आणि रात्रीच्या लोकल गाड्यांतील बंदोबस्ताचा प्रश्न ऐरणीवर आला. मार्च २०२३ मध्ये अमृतसर–कोलकाता अकालतख्त एक्सप्रेसमध्ये एका तिकीट तपासनीसाने नशेत महिला प्रवाशाच्या अंगावर लघवी केल्याचा आरोप झाला आणि त्याला रेल्वेच्या सेवेतून काढून टाकण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केरळमधील वर्कलाजवळ धावत्या केरळ एक्सप्रेसमधून एका तरुणीला ढकलून देण्यात आले. आरोपी सहप्रवासी मद्याच्या अमलाखाली असल्याचे पोलिसांनी सांगितले.

मद्यधुंद प्रवाशाला असणारे धोके

मद्यार्काचा परिणाम मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या आणि निर्णय घेणाऱ्या भागांवर होतो. प्रतिक्रियेस लागणारा वेळ वाढतो, अंतराचा अंदाज चुकतो आणि धोक्याची जाणीव बोथट होते. रेल्वेत हे तिन्ही परिणाम एकाच वेळी घातक ठरतात. भारतातील बहुसंख्य डब्यांचे दरवाजे हाताने उघडण्याचे असून धावत्या गाडीतही ते उघडे राहू शकतात. डब्याच्या दाराशी वाऱ्याला उभे राहणे, दोन डब्यांच्या जोडावरून चालणे, वरच्या बाकावर चढणे, सुटणारी गाडी धावत पकडणे, फलाट आणि पायरी यांमधील फट ओलांडणे आणि पादचारी पुलाऐवजी रूळ ओलांडणे ही अपघाताची नेहमीची ठिकाणे आहेत.

शरीरातील मद्यार्क कमी होण्याचा वेग ठरलेला असतो. साधारणपणे दर तासाला रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅम या सुमारास तो घटतो. लिंबूपाणी, चहा, थंड पाण्याने तोंड धुणे यांनी हा वेग वाढत नाही. गाडीतून उतरताना ‘आता बरे वाटते’ असे म्हणणारा प्रवासी त्यामुळे पुढील कित्येक तास धोक्याच्या अवस्थेत असू शकतो. बेशुद्धीच्या जवळ पोहोचलेली व्यक्ती उताणी झोपली असता उलटी श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा संभव असतो. अशा व्यक्तीला कुशीवर झोपवणे आणि एकटे न सोडणे हा प्राथमिक उपचार आहे.

नशा आणि आजार यांतील गल्लत

अडखळणारी चाल, जड जीभ, असंबद्ध बोलणे आणि ग्लानी ही लक्षणे केवळ मद्याची नव्हेत. मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर घटणे, पक्षाघाताचा झटका, डोक्याला मार लागणे, अपस्माराचा झटका येऊन गेल्यानंतरची अवस्था यांतही ती दिसतात. मद्याचा वास येत असला तरी यांपैकी एखादा आजार त्याच वेळी असू शकतो. चोरीच्या हेतूने सहप्रवाशाने खाद्यपदार्थातून गुंगीचे औषध दिले असल्यासही प्रवासी दारू प्यायल्यासारखा भासतो.

दीर्घ पल्ल्याच्या गाड्यांत याच्या उलट प्रकारही घडतो. रोज मोठ्या प्रमाणात मद्य घेणाऱ्या व्यक्तीला प्रवासात ते मिळाले नाही, तर सहा ते चोवीस तासांत हातांना कंप, घाम आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात आणि साधारण ४८ ते ७२ तासांनी काहींना भ्रम, भास व तीव्र भीती यांनी ग्रासले जाते. अशी व्यक्ती सहप्रवाशांना हल्लेखोर समजून गाडीतून उडी टाकण्याचा किंवा कोणावर तरी धावून जाण्याचा संभव असतो. दोन रात्रींच्या प्रवासात असे वर्तन दिसले, तर ते मद्य घेतल्यामुळे नव्हे, तर अचानक सुटल्यामुळे असू शकते. ही जीवघेणी वैद्यकीय स्थिती असून तिला तातडीने रुग्णालयाची गरज असते. भारतीय रेल्वेत प्रवासात वैद्यकीय मदत मागवण्यासाठीही १३९ हाच क्रमांक आहे.

रेल्वे कर्मचाऱ्यांची नशा

कामावर असताना नशेत आढळणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याला कलम १७२ नुसार ५०० रुपयांपर्यंत दंड होतो. त्याच्या कामामुळे कोणाच्या सुरक्षेला धोका पोहोचण्याचा संभव असेल, तर एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रेल्वेच्या सामान्य नियमांतील नियम २.०९ त्याहून कडक आहे. गाड्यांच्या चालनाशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या कर्मचाऱ्याने काम सुरू होण्यापूर्वीच्या आठ तासांत मद्य किंवा गुंगी आणणारे पदार्थ घेता कामा नयेत, असे तो सांगतो.

लोको पायलट व त्यांचे सहायक यांची कामावर रुजू होताना आणि काम संपवताना श्वासचाचणी घेतली जाते. या चाचणीलाही मर्यादा आहेत. मद्यार्क असलेली औषधे किंवा मुखशुद्धीचे द्रव घेतल्यानंतर लगेच चाचणी केल्यास यंत्र मद्याचा अंश दाखवू शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दक्षिण रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने लोको पायलटांना कामापूर्वी होमिओपॅथिक औषधे, शहाळ्याचे पाणी, काही फळे, खोकल्याची औषधे आदी घेण्यास मनाई करणारा आदेश काढला होता. त्यावर टीका झाल्यानंतर तो मागे घेण्यात आला.

अंमलबजावणी

रेल्वेतील सुरक्षेची जबाबदारी दोन यंत्रणांत विभागलेली आहे. रेल्वे सुरक्षा बल हे केंद्र सरकारचे सशस्त्र दल असून त्याची स्थापना १९५७ च्या अधिनियमाने झाली. २००३ मधील दुरुस्त्यांनंतर कलम १४५ सह रेल्वे अधिनियमातील अनेक अपराधांत विनाअधिपत्र अटक करण्याचा अधिकार या दलाच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांना मिळाला. मारहाण, विनयभंग, चोरी यांसारख्या अपराधांचा तपास मात्र राज्याचे लोहमार्ग पोलीस करतात. त्यामुळे एकाच प्रसंगात नशेची कारवाई एका यंत्रणेकडे आणि मारहाणीचा तपास दुसऱ्या यंत्रणेकडे जाऊ शकतो.

गाडी हद्दी ओलांडत असल्याने तक्रार कोठे द्यावी, हा प्रश्न प्रवाशांना पडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १७३ नुसार दखलपात्र अपराधाची माहिती तो कोणत्याही हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. पुढे ती संबंधित ठाण्याकडे वर्ग केली जाते. सुरक्षेसाठीचा पूर्वीचा १८२ हा क्रमांक २०२१ मध्ये १३९ या एकत्रित मदतक्रमांकात विलीन करण्यात आला. रेल मदद या उपयोजनाद्वारेही तक्रार करता येते. तक्रार करताना गाडी क्रमांक, डबा, आसन क्रमांक आणि पुढील थांब्याचे नाव दिल्यास त्या स्थानकावर मदत पोहोचवणे सोपे जाते. एकट्याने प्रवास करणाऱ्या महिलांसाठी रेल्वे सुरक्षा बलाने २०२० पासून ‘मेरी सहेली’ हा उपक्रम राबवला आहे.

जिवाला धोका असल्यास साखळी ओढणे हा अपराध ठरत नाही, कारण कलम १४१ केवळ सबळ व पुरेशा कारणाविना केलेल्या कृतीला लागू होते. तथापि दोन स्थानकांच्या मध्ये, अंधारात थांबलेल्या गाडीपर्यंत पोलीस पोहोचण्यास वेळ लागतो. त्यामुळे धोका तातडीचा नसेल, तर पुढील थांब्यावर मदत मागवणे अधिक उपयुक्त ठरते.

नुकसानभरपाईचा प्रश्न

गाडीतून अपघाताने पडून प्रवाशाचा मृत्यू झाल्यास किंवा तो जखमी झाल्यास कलम १२४-अ नुसार रेल्वेला नुकसानभरपाई द्यावी लागते. त्यासाठी रेल्वेची चूक सिद्ध करण्याची गरज नसते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नैसर्गिक आजार आणि नशेच्या किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य यांना मात्र या कलमातून वगळले आहे.

या अपवादाचा अर्थ दावेदार कुटुंबांसाठी निर्णायक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील प्रभाकरन विजयकुमार प्रकरणात ही जबाबदारी कठोर स्वरूपाची असल्याचे आणि तरतुदीचा अर्थ उदारपणे लावावा असे सांगितले. २०१८ मधील रीना देवी प्रकरणात प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा नव्हे, असे स्पष्ट केले. नशेचा अपवाद लागू करण्यासाठी मृताने मद्य घेतले होते एवढेच दाखवणे पुरेसे नाही, तर नशेतील कृत्यामुळे अपघात घडला हे रेल्वेने सिद्ध केले पाहिजे, असा दृष्टिकोन उच्च न्यायालयांच्या अनेक निर्णयांत आढळतो. शवविच्छेदन अहवालातील ‘मद्याचा वास’ ही एक नोंद आणि रक्तातील मद्यार्काचे मोजमाप यांतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो.

इतर देशांतील उपाययोजना

ब्रिटनमध्ये क्रीडासामन्यांसाठी सोडल्या जाणाऱ्या विशेष गाड्यांतील मद्यावर १९८५ च्या कायद्याने निर्बंध आणले. लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीत १ जून २००८ पासून मद्यपान करण्यास व मद्याची उघडी बाटली बाळगण्यास बंदी आहे.

जपानमध्ये शिक्षेपेक्षा रचनेवर भर दिलेला दिसतो. २६ जानेवारी २००१ रोजी तोक्योतील शिन-ओकुबो स्थानकात एक मद्यधुंद प्रवासी रुळांवर पडला. त्याला वाचवण्यासाठी उतरलेला कोरियन विद्यार्थी ली सू-ह्यॉन आणि जपानी छायाचित्रकार सेकिने शिरो यांच्यासह तिघेही गाडीखाली मरण पावले. या घटनेनंतर फलाटांवरील आपत्कालीन बटणे आणि संरक्षक दारे यांच्या मागणीला जोर आला. पुढे पश्चिम जपान रेल्वेने अपघातांच्या चित्रफिती अभ्यासल्या. बाकावर बसलेले मद्यधुंद प्रवासी एकाएकी उठून सरळ रुळांच्या दिशेने चालत जातात, असे तीत आढळले. त्यामुळे काही स्थानकांतील बाके रुळांना काटकोनात वळवण्यात आली.

भारतात या दिशेने झालेला बदल मुख्यतः दारांपुरता आहे. मुंबईत २५ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झालेली वातानुकूलित लोकल आणि २०१९ पासून धावणारी वंदे भारत एक्सप्रेस यांचे दरवाजे आपोआप बंद होतात.

मर्यादा

कलम १४५ मधील दंडाची कमाल रक्कम १९८९ मध्ये ५०० रुपये ठरली. तेव्हापासून झालेली महागाई लक्षात घेता तिचा धाक नाममात्र आहे. त्याहून महत्त्वाची उणीव गाडीतून उतरवण्याच्या अधिकाराशी संबंधित आहे. कलम १३९ नुसार विनातिकीट आढळलेल्या, सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला किंवा बालकाला केवळ दिवसा आणि केवळ प्रवास सुरू झालेल्या, जंक्शनच्या, अंतिम किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणच्या स्थानकावर उतरवता येते. कलम १४५ मध्ये वेळेचे किंवा स्थानकाचे असे कोणतेही बंधन नाही. तोल सावरू न शकणाऱ्या प्रवाशाला मध्यरात्री लहान स्थानकावर उतरवले, तर डब्यातील उपद्रव थांबतो, पण त्या प्रवाशाच्या एका बाजूस अंधार आणि दुसऱ्या बाजूस रूळ असतात. पोलीस चौकी आणि वैद्यकीय सोय असलेल्या स्थानकावर त्याला ताब्यात देणे, तेथे त्याची तपासणी होणे आणि शुद्ध येईपर्यंत त्याला एकटे न सोडणे, यांमुळे सहप्रवासी आणि तो स्वतः या दोघांचीही सुरक्षा साधली जाते.

हेही पाहा

रेल्वे अधिनियम, १९८९
रेल्वे सुरक्षा बल
लोहमार्ग पोलीस
रेल्वे दावा न्यायाधिकरण
भारतातील दारूबंदी